नदीपलीकडचे लिंकन

काकूंनी कुंपणावरून कढीपत्त्याची पिशवी पुढे केली आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "काय गं, आज कुणाशी वाजलं?"

वाजलं होतं नवऱ्याशीच. आमचं स्वयंपाकघर दोन महिन्यांपासून उकरून पडलंय. खर्चाचा ठरलेला आकडा केव्हाच मागे गेला आणि काल रात्री नळ कुठला घ्यायचा ह्यावरून अबोला. काकूंना तेवढं पुरलं.

"नळच ना? मेरीबाईंनी तर पडदे, गालिचे आणि चिनी मातीची ताटं घेतली होती. दाराशी लढाई पेटलेली असताना."

काकू मूळच्या खामगावच्या. व्हर्जिनियात ४० वर्षं राहतात, आणि पोटोमॅक नदीपलीकडच्या व्हाईट हाऊसबद्दल अशा बोलतात, जणू तिथली धुणीभांडी उरकून तीच बाई ह्यांच्याकडे येते. मेरीबाई म्हणजे अब्राहम लिंकनच्या पत्नी, हे माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळच लागला.

"१८६१ साली काँग्रेसनं घर ठीकठाक करायला २०,००० डॉलर दिले. ते चार वर्षं पुरवायचे होते. हिनं वर्षाच्या आत संपवले, वर सहा-सात हजारांची उधारी."

"आणि लिंकनचा पगार?"

"वर्षाला २५,०००. आता पुढं ऐक. बिल नवऱ्यासमोर ठेवायची छाती होईना, म्हणून सरकारी इमारतींचा कमिशनर होता फ्रेंच नावाचा, त्याला मध्ये घातलं. तुम्हीच सांगा म्हणाली. लिंकन असे भडकले! तिकडं शिपायांच्या अंगावर पांघरूण नाही, आणि ह्या घराच्या झालरींसाठी मी पैसे मागू? शेवटी काँग्रेसनंच ते गुपचूप दुसऱ्या खर्चात जिरवलं. सरकारी खाती इथून तिथून सारखीच."

मी नवऱ्याची बाजू घ्यावी की मेरीबाईंची, ह्या विचारात होते. पण काकूंनी मला त्या फंदात पडू दिलं नाही.

"खर्चाचं लोकांनी पोटात घातलं असतं गं. पण बाईचं माहेर कुठलं? केंटकी, लेक्सिंग्टन. बापाच्या घरी गुलाम राबायचे. सावत्र भाऊ दक्षिणेच्या फौजेत. त्यातले दोघं १८६२ मध्ये पडले, एक शायलोला, एक बॅटन रूजला. उत्तरेतले म्हणायचे, ही दक्षिणेची हेर आहे. दक्षिणेतले म्हणायचे, ही फितूर. भाऊ मेले तरी चारचौघांत डोळ्याला पदर लावायची सोय नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत अकरा वर्षांचा मुलगा विली तापानं गेला. टायफॉइड असावा. मग बाई मृतात्म्यांशी बोलायच्या बैठकांना बसायला लागली. लोक हसायचे. हसणाऱ्यांच्या घरात मूल गेलं नव्हतं, एवढंच."

"काकू, तुम्ही तर तिच्या बाजूच्या निघालात."

"मी कुणाच्याच बाजूची नाही," असं म्हणून काकूंनी कुंपणावर कोपर टेकलं. म्हणजे अजून पंधरा मिनिटं नक्की.

"तिची शिवणकाम करणारी कोण होती, ठाऊक आहे? एलिझाबेथ केक्ली. जन्मानं गुलाम. सुईदोऱ्यावर नाव कमावलं, गिऱ्हाइकांनी पैसे उसने दिले आणि १८५५ मध्ये सेंट लुईसला १,२०० डॉलर भरून स्वतःला आणि मुलाला सोडवून घेतलं. वॉशिंग्टनला आली. तर मेरीबाईंच्या आधी कपडे कुणाचे शिवायची? व्हरिना डेव्हिसचे! जेफरसन डेव्हिसच्या बायकोचे!"

दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा जो अध्यक्ष झाला, तो डेव्हिस. मी खरोखरच पिशवी खाली ठेवली.

"व्हरिना म्हणाली, लढाई होणार, तू आमच्याबरोबर दक्षिणेत चल. केक्ली नाही गेली. लिंकनचा शपथविधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी ही मेरीबाईंकडे रुजू. दोन्ही अध्यक्षीणबाईंच्या कमरेचं माप एकाच बाईच्या वहीत. आणि हिचा स्वतःचा एकुलता एक मुलगा उत्तरेकडून लढायला गेला, १८६१ च्या ऑगस्टमध्ये मिसुरीत मारला गेला. पुढं हिनं सगळं पुस्तकात लिहिलं, मेरीबाईंची पत्रंसुद्धा छापली. त्यावरून दोघींचं फाटलं ते कायमचं."

"पण काकू, लिंकन म्हटलं की गुलामगिरी, गेटिसबर्गचं भाषण..."

"ते शाळेत शिकलीसच की. शपथ घ्यायच्या आधीच सात राज्यं फुटून निघालेली. सेनापती मॅक्लेलनला भेटायला लिंकन त्याच्या घरी जाऊन ताटकळत बसले, तर तो बाहेरून आला तो सरळ वर जाऊन झोपला! आणि १८६४ च्या निवडणुकीत हाच मॅक्लेलन समोर उभा. ऑगस्टमध्ये लिंकनना वाटत होतं, आपण पडणार. तसं एका कागदावर लिहिलं, घडी घातली आणि मंत्र्यांना न वाचताच सह्या करायला लावल्या. पुढं निवडून आले, ते सोड. मी तुला घरातलं सांगतेय."

घरातलं म्हणजे एमिली. मेरीबाईंची धाकटी सावत्र बहीण. तिचा नवरा बेन हेल्म. लिंकनचा त्याच्यावर जीव. १८६१ मध्ये त्यांनी त्याला लष्करात पगारवाटपाची चांगली नोकरी देऊ केली होती. त्यानं ती नाकारली, दक्षिणेकडं गेला, जनरल झाला आणि १८६३ च्या सप्टेंबरात चिकमॉगाला पडला. विधवा एमिली पोरीला घेऊन केंटकीला निघाली, तर वाटेत अधिकाऱ्यांनी अडवलं: सरकारशी निष्ठेची शपथ घे. ती म्हणे, नाही घेणार. तारा गेल्या. लिंकननी कळवलं, तिला माझ्याकडे पाठवा.

"म्हणजे शत्रूच्या जनरलची बायको व्हाईट हाऊसमध्ये पाहुणी?"

"डिसेंबरात. दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या, पण लढाईचा विषय काढायचा नाही असं न बोलताच ठरलेलं. पोरांना कुठलं कळतं? लिंकनचा धाकटा, टॅड, बापाचा फोटो दाखवून म्हणाला, हे प्रेसिडेंट. एमिलीची चिमुरडी म्हणाली, छट्, प्रेसिडेंट जेफ डेव्हिस! लिंकननी दोघांना मांडीवर घेतलं. टॅडला म्हणाले, तुझा प्रेसिडेंट कोण ते तुला माहीत आहे, आणि हिचा मी काका."

मग काकूंनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. एकशे साठ वर्षांपूर्वीची भानगड, पण आवाज खाली.

"तेवढ्यात आला सिकल्स. जनरल. गेटिसबर्गला पाय गमावलेला. ह्या सिकल्सनं १८५९ मध्ये व्हाईट हाऊससमोरच्या चौकात, भरदिवसा, बायकोच्या यारावर गोळ्या झाडल्या होत्या. आणि यार कोण? अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिणाऱ्या फ्रान्सिस स्कॉट कीचा मुलगा! त्या घटकेला डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून सुटला. वकिलांमध्ये स्टँटन होता, जो पुढं लिंकनचा युद्धमंत्री झाला. बायकोला मात्र परत घरात घेतलं, आणि खुनापेक्षा लोक त्यावरच जास्त चिडले. तुटलेल्या पायाचं हाड म्युझियममध्ये दिलेलं, ते बघायला हा जायचा. अजून आहे ते, सिल्व्हर स्प्रिंगला. तर असा हा माणूस कुबड्या आपटत वर लिंकनकडे गेला आणि म्हणाला, ह्या बंडखोर बाईला घरात ठेवू नका. लिंकन म्हणाले, घरात पाहुणे कोण बोलवायचे ते मी आणि माझी बायको ठरवतो."

"मग राहिली ती?"

"आठवडाभर. आणि बिनसलं कशावरून सांगू? कापसावरून." खामगावच्या बाईच्या तोंडून हा शब्द वेगळाच येतो. लिंकननी दक्षिणेची बंदरं अडवली, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये लढाई संपली तशा मुंबईतल्या शेअरबाजारवाल्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या. हे काकू दरवेळी सांगतात. आजही सांगितलं.

"एमिलीचा कापूस दक्षिणेत अडकलेला. १८६४ मध्ये परत आली, विकायचा परवाना द्या म्हणाली. लिंकन म्हणाले, आधी शपथ. ती परत नाहीच म्हणाली. घरी गेल्यावर पत्र लिहिलं. आमची ही दशा तुमच्याच गोळ्यांनी केली, असं. त्यानंतर मेरीबाईंनी बहिणीचं नाव टाकलं."

"आणि एमिली?"

"तिची कमाल ऐक. पुढं ह्याच अमेरिकन सरकारची पोस्टमास्तरीण झाली, केंटकीत. चिकटवून कुणी दिलं? लिंकनच्या थोरल्यानं, रॉबर्टनं. मावशीच की शेवटी."

आतून नवऱ्याची हाक आली. नळवाला आला होता.

"जा," काकू म्हणाल्या, "आणि बिल आधी मला दाखव. मी सांगते त्याला."