मागचं बक्कल वर काढा

पहूरच्या चौफुलीवर थोडा वेळ उभं राहा आणि जळगावकडून येऊन फर्दापूर, अजिंठ्याकडे निघालेल्या गाड्यांच्या मागच्या काचा बघा. पुढच्या दोघांनी पट्टा लावलेला असतो, कारण तो पोलिसाला दिसतो आणि नाही लावला तर गाडी आवाज करून डोकं उठवते. मागे आजीच्या मांडीवर नातू, शेजारी सीटवर उभी राहिलेली नात. मागचे पट्टे सीटखाली.

ते आपणच घातलेत. नवी गाडी घरी येते, नारळ फुटतो आणि आठवड्याच्या आत ती सीट कव्हरच्या दुकानात जाते. कारागीर सलग कव्हर ताणून बसवतो, बक्कलं खाली दाबतो. "मागं कोण लावतं, भाऊ?" असं तो विचारतो आणि आपण मान डोलावतो. लाखांची गाडी घेणाऱ्याने शे-दोनशे रुपयांच्या कामात पोरांचा जीव असा सोडून द्यावा, याचा मला राग येतो.

काही आईबाप मात्र पोरासाठी बूस्टर सीट आणतात. त्यांचं मनापासून कौतुक. गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. लहान मुलाला तो मानेवर घासतो आणि खाली पोटावर चढतो. दणका बसला की तोच पट्टा पोटाच्या आतल्या अवयवांना इजा करतो. बूस्टर मुलाला उंच बसवतो, मग पट्टा खांद्याच्या मधून आणि कमरेच्या हाडावरून जातो. साधारण १५ किलो वजनापासून ते उंची १३५ सेंटीमीटर होईपर्यंत तरी त्याची गरज असते.

पण तो घरी आणल्यावर खरी अडचण सुरू होते. बूस्टरची कड नेमकी बक्कलावर बसते. अनेक गाड्यांत मागचं बक्कल कापडी पट्टीला असतं, ते आडवं पडून कडेखाली जातं. पोराला एकट्याने लावता येत नाही, आई वाकून वाकून थकते, आणि महिन्याभरात बूस्टर डिकीत, पोर मांडीवर. काही जण बक्कल वर यावं म्हणून बूस्टर तिरका सरकवतात, काही जण मानेला लागतो म्हणून पट्टा काखेखालून घेतात. दोन्ही धोक्याचं. मधल्या जागी नुसता कमरेचा पट्टा असेल, तर तिथे बूस्टर ठेवूच नये.

मांडीवरचा भरवसा तर सोडाच. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकेत सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर १५ किलोच्या मुलाचा भार हातांवर २०० किलोच्या वर येतो. कुठल्याही आईचे हात तो पेलू शकत नाहीत.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेल्या मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांनी पट्टा लावला नव्हता, दोघेही गेले. त्यानंतर दोन महिने मागच्या पट्ट्याची चर्चा झाली, १ नोव्हेंबरपासून मुंबईत सक्तीची घोषणाही झाली. नियम मात्र आधीपासूनच होता. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना गाडीत बसवलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार एक हजार रुपये दंड आहे. आपल्या रस्त्यावर तो कुणाला झालेला मी पाहिला नाही.

आबा, ताई, एवढं करा. या रविवारी मागची सीट उचला, बक्कलं बाहेर ओढा, कव्हरला तिथे भोक पाडून घ्या. बूस्टर घ्यायचा तर गाडी दुकानापाशी नेऊन, पोराला बसवून, पट्टा टक्कन लागतो का ते बघूनच पैसे द्या. ऑनलाइन मागवला आणि बक्कल झाकलं गेलं, तर परत पाठवा आणि अरुंद तळाचा घ्या. पोर नसताना रिकामा बूस्टरही पट्ट्याने बांधून ठेवा, नाहीतर धडकेत तोच पुढच्याच्या डोक्यात बसेल.