खाली काय आहे, हे विचारू नये

मराठवाड्यातल्या आमच्या घाटनांदूरचा माणूस जमिनीला एकच प्रश्न विचारतो: "पाणी किती फुटावर?" नुसता फुफाटा निघाला, की बोअरची गाडी शेजारच्या रानात. विषय संपला. हा संयम थोर आहे.

तो नसला की काय होतं, ते स्टीफन हिस्लॉप यांच्याकडे पाहावं. हे स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरात आले आणि धर्मप्रसाराच्या जोडीला दगड, जीवाश्म गोळा करू लागले. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पाण्यात बुडाले. त्यांच्या पदरात काय पडलं? 1885 साली एका नामशेष प्राण्याला दिलेलं नाव: पॅरासुकस हिस्लोपाय.

हा प्राणी मगरीच्या भावकीतला, पण लांबचा. तोच निमुळता जबडा, पाठीवर तेच चिलखत. नाकपुड्या मात्र तोंडाच्या टोकाला नाहीत, थेट डोळ्यांपुढे. डायनासोरांची नुकती सुरुवात होती तेव्हा, सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वी, तो आपल्याच गोदावरीच्या खोऱ्यात, आजच्या तेलंगणातल्या मालेरीच्या परिसरात राहत होता. खाऊन-पिऊन सुखी होता.

पण कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने तिथे खोदलं. शंकर चॅटर्जी यांनी 1978 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन छापलं. दोन सांगाड्यांच्या पोटात मॅलेरीसॉरस नावाचे सरडेवजा प्राणी निघाले. म्हणजे बघा, 22 कोटी वर्षं झाली, तक्रारदार उरला नाही, तरी कुणी काय खाल्लं ते चव्हाट्यावर आलंच. सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्याने अशा शास्त्राला उत्तेजन द्यावं का?

आमच्याकडे निसर्गानेच बंदोबस्त केला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाने सगळं झाकलं. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तर 338 मीटर काळा पाषाण, खाली गाळाचा पातळ थर आणि मग थेट ग्रॅनाइट. कुणाचं पोट नाही, कसला पुरावा नाही. इतकं स्वच्छ दप्तर सरकारी कचेरीतही मिळायचं नाही.

तेव्हा गुरुजनांना एकच विनंती. गावाला रेल्वे स्टेशन आहे म्हणून शाळेची सहल कोलकात्याला नेऊ नका. पोरं तिथे सांगाडा बघतील आणि विचारतील, "याच्या पोटात काय होतं?" ही सवय एकदा लागली, की ती सांगाड्यांपुरती राहत नाही.