एक शीट कमी

परिपत्रक साधारण सकाळी साडेदहाला मोबाइलवर येऊन पडतं आणि त्याच्या शेपटाला लिहिलेलं असतं, की आजच कार्यक्रम घेऊन पाचच्या आत फोटो लिंकवर भरावेत. विषयाला तोटा नाही. जानेवारीत रस्ता सुरक्षा, जूनमध्ये व्यसनमुक्ती, वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी, दर सोमवारी लोहाची निळी गोळी, अधूनमधून सायबर गुन्हे, मोबाइलचा अतिवापर, परीक्षेचा ताण, बालविवाह. बीड जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात असा निरोप आला की मुख्याध्यापक माझ्याकडे बघतात, मी शिपायाकडे बघतो आणि शिपाई काही न विचारता सायकल काढून तात्यांना आणायला जातो.

तात्या म्हणजे आमचे कायमचे प्रमुख मार्गदर्शक. एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टर होते, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. निवृत्तीनंतर खाकी गेली, पण आवाज गेला नाही. घाटात टायर फुटला तरी मागच्या बाकावर ऐकू जाईल असा तो आवाज आहे. त्यामुळे माइक बंद पडला तरी आमचा कार्यक्रम बंद पडत नाही, ही मुलांच्या दृष्टीनं वाईट गोष्ट आहे. पोरांनी त्यांचं नाव ‘डबल बेल’ ठेवलंय. त्यांना ते माहीत आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की डबल बेल दिली तर गाडी निघाली पाहिजे. इथं मी केव्हाची देतोय आणि तुम्ही जाग्यावरच.

गावात कुठलीही समिती झाली की तात्या तीत असतात. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हापासून हे सुरू आहे. रजेच्या दिवशी ते बैठकीला खाकीतच हजर असत. पुढं शाळा व्यवस्थापन समिती आली, दारूबंदीची आली, ग्राम बाल संरक्षण समिती आली. सरपंचांना यादी पुरी करायला एक हक्काचं नाव लागतं आणि तात्यांना घरातून बाहेर पडायला कारण लागतं. काकू म्हणतात, ‘हे समितीत आहेत म्हणून घरात शांतता आहे, तंटामुक्तीचं बक्षीस मला द्या.’

भाषण कोणत्याही विषयावर असो, तिसऱ्या वाक्याला ते स्टँडवर येतं. रक्तक्षयावर बोलताना: ‘डिझेलबिगर गाडी आन् लोहाबिगर पोरगी, दोन्ही चढाला बसत्यात.’ सायबर गुन्ह्यांवर: ‘एकतीस वर्षांत मी पैशाच्या बॅगेला कुणाला हात लावू दिला नाही. तुम्ही ओटीपी कसा देता रे?’ किशोरवयावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे आणि ते मला खरंच आवडतं: ‘हे वय म्हणजे मांजरसुंब्याचा घाट. उतार हाय म्हणून गाडी न्यूट्रल करायची नसते, पोरायनो.’ ग्रामीण रुग्णालयाच्या मैत्री क्लिनिकच्या समुपदेशक ताई किशोरवयीन मुलामुलींसाठी येतात, तेव्हा मात्र तात्या व्यासपीठ सोडतात. मुलींच्या तासाला मासिक पाळीचा विषय निघणार असं दिसलं की ‘मी भाईर थांबतो, झालं की सांगा’ म्हणून व्हरांड्यात जातात आणि खिडकीशी घोटाळणाऱ्या पोरांना ‘म्होरं सरका, म्होरं सरका’ करत पार ग्राउंडच्या टोकाला नेऊन सोडतात. आमच्या अहवालात याची नोंद होत नाही. पण ताई म्हणतात, तुमच्या शाळेत मुली मोकळ्या बोलतात. दुसरीकडे निम्मा वेळ खिडक्या लावण्यात जातो.

त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. तंबाखूमुक्त शाळेसाठी आवारापासून शंभर यार्डांवर पिवळी रेघ मारायची होती. तात्यांनी ती स्वतः मारली, दोरी धरून, वाकून, अगदी मन लावून. टपरीवाल्यानं टपरी उचलून रेघेच्या पलीकडं एक वीत ठेवली. संध्याकाळी बघतो तर टपरीच्या बाकड्यावर तात्या बसलेले, तळहातावर चुना मळताहेत. मी नुसतं बघितलं. म्हणाले, ‘गुरुजी, हद्दीच्या भाईर हाय.’ व्यसनमुक्तीच्या भाषणाआधी ते नळावर जाऊन खळखळून चूळ भरतात. पोरं ती चूळ मोजतात.

शाळेत तक्रार पेटी आहे. तिच्या चाव्यांपैकी एक तात्यांच्या करगोट्याला असते. ठरल्या दिवशी पेटी उघडतो, चिठ्ठ्या निघतात: खिचडीत मीठ नाही. सातवीचा पंखा नुसता आवाज करतो. एकदा निघाली, ‘तात्यांचे भाषण अर्धे करावे.’ तात्यांनी ती मोठ्यानं वाचली, खिशातून पेन काढून खाली ‘मंजूर’ असं लिहिलं आणि पुढच्या सोमवारी चाळीस मिनिटं बोलले. सत्काराचं मात्र ते मनावर घेत नाहीत. शाळेकडे शाल एकच आहे. फोटो झाला की तात्या ती उतरवतात, नीट चौपदरी घडी घालतात आणि जाताना टेबलावर ठेवून जातात. नारळ तेवढा नेतात.

आता त्यांच्या खऱ्या गुणाकडे येतो. त्याला आम्ही बराच काळ खोड समजत होतो.

तात्या हॉलमध्ये आले की नमस्कारही न करता आधी डोकी मोजतात. बोटानं नाही, हनुवटीनं. पुढून मागं, मागून पुढं, मग ओठातल्या ओठात आकडा. वेबिल जुळल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. आमच्या हजेरीपटावर मुलगी तीन दिवस गैरहजर असेल तर आम्ही ‘गै’ लिहितो आणि पान उलटतो. तात्यांच्या लेखी ती गाडीतून मधेच उतरलेली शीट असते. कोणत्या थांब्यावर उतरली आणि कोणी उतरवली, हे कळल्याशिवाय त्यांची गाडी पुढं जात नाही.

त्या मोजण्यामागं काय आहे हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. दसरा झाला की आमच्याकडून माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा हा अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धी. मग पोराचा पूर्ण कोयता करायची घाई होते. दुसरीकडं वयात आलेली पोर सहा महिने म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायची कशी, ही आईबापाच्या पोटातली भीती. गावात हंगामी वसतिगृह चालतं, त्यात लेकरांच्या जेवणाची सोय होते, पण भीतीची सोय त्यात नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी किती जणींचं लग्न अठराच्या आत झालं ते मोजलंय. राज्याचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास, बीडचा चाळीसच्या वर. हा आकडा आमच्या नोटीस बोर्डावर लावलेला आहे. तो वाचायला कुणी थांबत नाही, कारण तो गावाला आधीच माहीत आहे.

तर एका सोमवारी, दसऱ्याच्या आधी, विषय होता ‘परीक्षेचा ताण’. तात्यांनी हनुवटी फिरवली आणि पुन्हा फिरवली.

‘गुरुजी, एक शीट कमी हाय. नववीतलं.’

मी म्हटलं, ‘तात्या, असेल आजारी. सुरू करा, फोटो भरायचाय.’

‘परवाच्या सोमवारी बी नव्हती. गोळ्याच्या दिवशी बी नव्हती.’ मग मुलींकडे वळून, ‘कुठं गेली गं?’

कुणी बोललं नाही. तिच्या शेजारी बसणारी पोर पायाच्या अंगठ्यानं सतरंजीचा निघालेला दोरा ओढत होती. दोरा वीतभर लांब झाला तरी ती ओढतच होती. तात्या तिच्याकडं बघत राहिले, तिला काही विचारलं नाही, आणि मला म्हणाले, ‘फोटो काढून घ्या. मी भाऊसाहेबाकडं चाललो.’ ताणावरचं भाषण त्या दिवशी झालंच नाही. पाचच्या आत फोटो मात्र भरला.

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच, आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक. ग्रामसेवकाकडं तीन गावं होती आणि त्या दिवशी तो तिसऱ्या गावात होता. तात्यांनी पंचायतीच्या पायरीवर बसूनच लेकरांच्या हेल्पलाइनला, १०९८ला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नाव, गाव, वय विचारलं. यांनी आधी गाडीचा टाइम सांगितला, मग बाकीचं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे वस्तीवर पोचलो: ग्रामसेवक, अंगणवाडीताई, पोलीस पाटील, एक हवालदार, तात्या आणि शाळेच्या जनरल रजिस्टरातला उतारा घेऊन मी. मांडव घातलेला. पोर हळदीत बसलेली. तिच्या हातात मोबाइल नव्हता, पुस्तक नव्हतं, एक पेरू होता, आणि तो तिनं खाल्लाही नव्हता.

तात्या बापाकडं गेले नाहीत. आधी आचाऱ्याकडं गेले. २००६च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे, आणि तो लग्न लावणाऱ्यालाही लागतो, ठरवणाऱ्यालाही, नुसत्या हजर राहणाऱ्यालाही, हे तात्या भाषणात इतक्यांदा बोललेत की त्यांना कलमासकट पाठ आहे. आचाऱ्यानं ते ऐकलं, काही न बोलता चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढलं, मग दुसरं. भटजींना कुणीतरी वाटेतूनच फोन केला असावा. ते आलेच नाहीत.

बाप म्हणाला, ‘साहेब, नुसती सुपारी हाय. आन् पोरीला एकोणीस चालूय.’

तात्या पुढं झाले. ‘एकोणीस? मी रिटायर व्हायच्या आदल्या साली दिवाळीला तू हिला घेऊन मुक्कामी गाडीत बसलास. मी म्हणलं फुल तिकीट, तू म्हणलास हाफ. पाटोद्यापस्तोर भांडलास माझ्याशी, की पोरीला बारा पुरी न्हाईत. गाडीतली समदी मानसं तुझ्या बाजूची झाली. त्याला तीन वर्सं झाली. बारा आन् तीन किती?’

मांडवात शांतता.

‘तवा... तवा खोटं बोललो असंल,’ बाप म्हणाला.

‘मग उरलेलं अर्धं तिकीट टाक.’

हवालदार हसला, पोलीस पाटील हसले, मुलाकडचा एक म्हाताराही हसला. बापाला हसावं की भांडावं कळेना, आणि तेवढ्यात ग्रामसेवकानं माझ्या हातातला उतारा घेऊन जन्मतारीख मोठ्यानं वाचली. पोर पंधराची होती. पुढचं सगळं कागदाचं काम: जबाब, हमीपत्र, जिल्ह्याला बाल कल्याण समितीपुढं दोन हेलपाटे. एकतीस वर्षांत तात्यांना एक गोष्ट पक्की कळली होती: बाप एस.टी.त पोरीचं वय कमी सांगतो आणि मांडवात जास्त, आणि दोन्हीकडं ऐकून घेणारा माणूस एकच असला तर त्याला खरं वय कळतं.

मला विचाराल तर या कार्यक्रमांत फ्लेक्स कमी पडत नाही, गोळ्या कमी पडत नाहीत, परिपत्रकं तर नाहीतच. कमी पडतो तो रिकामा माणूस. आम्हाला पाचच्या आत फोटो भरायचा असतो, ग्रामसेवकाला तीन गावं, ताईंना सगळा तालुका. घाई नसलेला, घरी नकोसा झालेला आणि डोकी मोजायची खोड असलेला असा एकच माणूस गावात निघाला.

सगळ्याच वेळी जमतं असंही नाही. पुढच्या साली आठवीतली एक पोर आईबापाबरोबर तोडीला गेली आणि हंगाम संपल्यावर गळ्यात मंगळसूत्र घालून परत आली. लग्न कारखान्यावरच, उसाच्या फडाशेजारी उरकलं होतं. त्या सोमवारी तात्यांची हनुवटी अडतीसावर थांबली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘त्या गाडीवर मी नव्हतो, गुरुजी.’ त्या दिवशी ते दहाच मिनिटं बोलले. पोरांना कारण कळलं नाही, पण आनंद झाला.

या उद्योगाची किंमत त्यांनी मोजली ती वेगळ्याच ठिकाणी. तात्यांना पंगत फार प्रिय. बुंदी वाढणारा लांबून दिसला तरी ते पत्रावळीवर जागा करून ठेवतात. त्या मांडवानंतर वस्तीवरून त्यांना लग्नाची पत्रिका येणं बंद झालं. ज्यांच्या पोरी वीस-बावीसच्या आहेत तेही बोलवत नाहीत. उगाच माणूस मोजत बसेल म्हणून. काकू सांगतात, लगीनसराईत ते संध्याकाळी दारात बसून वाजंत्रीचा आवाज कुठून येतोय त्याचा अंदाज घेतात आणि मग आत येऊन भाकरी खातात.

मांडवातली ती पोर आता तालुक्याला अकरावीत आहे. सकाळी मानव विकासच्या निळ्या बसनं जाते, पासावर, तिकीट पडत नाही. बस गावात शिरते तेव्हा तात्या थांब्यावर उभे असतात, कंडक्टर नवा पोरगा आहे, त्याला उगाच दोन सूचना करतात आणि खिडक्यांवरून हनुवटी फिरवतात. बाप तिला सोडायला कधी कधी येतो. तात्या त्याला रामराम घालतात आणि हात पुढं करतात.

उतारा मी नंतर नीट बघितला. त्या दिवाळीला पोरीला बारा पुरी होऊन चार महिने झाले होते. ते अर्धं तिकीट अजून आलेलं नाही.