‘डिस्क उडाली’ म्हणणाऱ्या स्टुडिओवाल्या भाऊंस

प्रिय भाऊ,


‘डिस्क उडाली, आता काय करता?’ हे तुम्ही फोनवर ज्या शांतपणे सांगितलंत, ती स्थितप्रज्ञता साधूसंतांनाही लवकर साधत नाही. भाचीची हळद, लग्न, तुमच्याच आग्रहाने चारठाण्याच्या मंदिरांपुढे भर उन्हात केलेलं प्री-वेडिंग, सगळं त्या एका डिस्कवर होतं. मांडवात बसलेली आमची आईही. ती आता नाही.

कोटेशन मात्र तुमचं किती बारकाईचं! ड्रोन, क्रेन, एलईडी वॉल, करिझ्मा अल्बम. दुसऱ्या डिस्कची तेवढी ओळ राहून गेली.

कामाचा उरकही दांडगा. रात्री कार्डं डिस्कवर ओतायची, सकाळी पुढच्या लग्नासाठी फॉरमॅट मारायची. मग ती एकुलती एक डिस्क पत्र्याच्या छताखाली, परभणीच्या मे महिन्यात, चहाच्या कपाशेजारी. आत तबकडीवरून वाचणारं टोक काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस त्याहून हजारो पटींनी जाड. एवढ्याशा फटीच्या भरवशावर तुम्ही कित्येक लग्नसराया काढल्यात, याचं कौतुक वाटतं.

रोलच्या जमान्यात निगेटिव्ह नंबर टाकून स्टुडिओच्या पाकिटात राहायची आणि फोटो गिऱ्हाइकाच्या अल्बममध्ये. दोन वस्तू, दोन घरं. कोणी मुद्दाम करत नव्हतं, धंद्याची रीतच तशी होती. पुढे अमेरिकेतले फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी डिजिटलसाठी हिशेब मांडून दिला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. थोडक्यात ३-२-१. तुम्ही त्यातला शेवटचा आकडा तेवढा घेतलात.

नशिबाला बोल लावू नका. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली. ही फिल्म मुळातच पेट घेणारी. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच सेफ्टी फिल्मवर उतरवून ठेवल्या होत्या, त्यांना त्या आगीचं भय उरलं नव्हतं. तिथे निदान आग तरी लागावी लागली. तुमच्याकडे कपाचा धक्का पुरला.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले होते की!’ टाकले होते, पण दाबून चपटे केलेले. तेवढ्या फोटोंवर आईच्या चेहऱ्याची मोठी फ्रेम होत नाही. गूगलने १ जून २०२१ पासून फुकटची अमर्याद साठवण बंद केली आणि उरलेल्या १५ जीबीत तुमच्या कॅमेऱ्याची हळदसुद्धा मावत नाही, हे कबूल. म्हणूनच तर दुसरी डिस्क.

एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो. गिऱ्हाईक सिलेक्शनला वर्ष लावतं, तोवर किती सांभाळायचं, ही तक्रार अगदी रास्त आहे. मग बिलावर छापा, ‘सहा महिन्यांनंतर फोटोंची जबाबदारी नाही.’ लोक पेनड्राइव्ह घेऊन पळत येतील. पण मुदत न सांगता गप्प बसायचं आणि डिस्क गेल्यावर सिलेक्शनच्या उशिराकडे बोट दाखवायचं, हा न्याय नवीन आहे.

आता विनंती. टकटक करणारी ती डिस्क ‘आज चालते का’ म्हणून रोज लावून बघू नका; दर खेपेला तबकडी आणखी खरवडली जाण्याची भीती असते. मोबाईल दुरुस्तीवाल्याला उघडायला तर मुळीच देऊ नका, आतली धूळच तिचा जीव घेईल. ज्यांचे अल्बम छापून झालेत त्यांच्या पानांच्या फाइली लॅबकडे शिल्लक आहेत का विचारा. आणि त्या डिस्कवर ज्यांची ज्यांची लग्नं होती, त्या सगळ्यांना आजच फोन करा. आम्हाला कळलं, त्यांना अजून कळलेलं नाही. कोणाच्या घरी एखादा पेनड्राइव्ह पडून असेल, तर त्यावर दुसरं काही भरलं जाण्याआधी तो मागून घ्या.

तुळशीच्या लग्नानंतर तुमची सराई सुरू होईल. त्याआधी दोन डिस्क घ्या आणि एक सासुरवाडीला, मानवतला ठेवा. तेवढंच तिकडे जाणं होईल.

आपला,
नवरीचा मामा