कोरडवाहू परसाचा बंदोबस्त

सोलापूर जिल्ह्यात, जेथे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो व तोही स्वतःच्या मर्जीने पडतो, आणि जेथे वैशाखातला पारा ४३ अंशांवर चढल्याचे कोणास फारसे नवल वाटत नाही, तेथे घरामागच्या चार गुंठ्यांत गावरान वांगी, गवार, अंबाडी, वाळूक व मालदांडी ज्वारीची काही ताटे वाढविण्याचा संकल्प ज्या सद्गृहस्थांनी निवृत्तिवेतन सुरू होताच केला आहे, त्यांच्या मार्गदर्शनार्थ पुढील सूचना लिहिल्या आहेत. सूचनांचा प्रधान हेतू वनस्पतींचे रक्षण हा असून ते मुख्यतः उपरोक्त सद्गृहस्थांपासून करावयाचे आहे. कारण ऊन, अवर्षण व वावटळ यांच्याशी या झाडांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा तह झालेला असला, तरी उत्साही मनुष्याशी तसा कोणताही करार अद्याप झालेला नाही.

पहिली बाब बियाण्याची. शहरातल्या दुकानात मिळणाऱ्या पाकिटावरील वांग्याचे तेज पाहून दिपून जाऊ नये. ते बी बहुधा संकरित असते, म्हणजे त्याची पहिली पिढी आज्ञाधारक निपजते आणि तिचेच बी धरून पुन्हा पेरल्यास आजे, पणजे व दूरचे चुलते यांचे दडून राहिलेले गुणदोष एकाच वाफ्यात प्रकट होतात. त्यामुळे दरसाल दुकानदाराच्या पायरीवर नव्याने उभे राहणे प्राप्त होते. गावरान बी तेथे नसते. ते खेड्यातल्या माळवदी घरात, चुलीवरच्या तुळईला टांगलेल्या वाळक्या दोडक्याच्या पोटात, राखेत कालवून शेणाने तोंड लिंपलेल्या गाडग्यात, अथवा कणगीतल्या धान्यात बिब्बे पेरून राखलेल्या थरात असते. आणि या समग्र दप्तराची एकमेव दप्तरदार सत्तरी उलटलेली एक आजी असते, जिच्यापुढे अर्ज करण्याचा शिरस्ता कोणत्याही कचेरीत छापून लावलेला नाही.

तो शिरस्ता असा. पहिल्या भेटीत बियाण्याचे नाव काढू नये. गुडघ्यांची, म्हशीची व पावसाची चौकशी करावी, चहा घ्यावा, आणि निघावे. दुसऱ्या भेटीत हेतू सांगण्यास हरकत नाही, मात्र दिवेलागणीनंतर जाऊ नये. गेल्यास "दिवं लागल्यावर घरातलं काय भाईर देत न्हाईत" असा हुकूम होऊन अर्ज दफ्तरी दाखल होतो. तिसऱ्या भेटीत उलटतपासणी होते. जमीन काळी की मुरमाड, दारात शेळी आहे की काय, सूनबाईंना अंबाडीची भाजी करता येते का, हे प्रश्न एकामागून एक येतात, आणि सर्वात शेवटी, सहज विचारल्यासारखा, खरा प्रश्न येतो : "पानी घालनार का?" येथे अनेक सुशिक्षित उमेदवार नापास होतात. ठिबक सिंचनाची नळी, पाण्याची टाकी व वेळ लावून चालणारी तोटी यांचे वर्णन ते मोठ्या अभिमानाने करतात, आणि आजी शांतपणे म्हणते, "मग आमचं बी कशाला पायजे, बाबा? दुकानातलं न्या की."

जो या प्रश्नावर खाली मान घालून गप्प बसतो, त्याला ओंजळभर बी मिळते. किंमत विचारू नये, बी विकत नसते. पण ते फुकटही नसते, ही गोष्ट पैशाच्या व्यवहारात वाढलेल्या मनुष्याच्या ध्यानी येण्यास अवकाश लागतो. पीक आल्यावर ते दिडीने परत करावयाचे असते, त्याचा कागद होत नाही, जामीन लागत नाही, आणि तरीही ही बाकी गावात कोणाकडे किती आहे हे सर्वांना तोंडपाठ असते. कायद्याची धास्ती बाळगणाऱ्यांस कळावे की, वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ याच्या कलम ३९ अन्वये शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा व दुसऱ्यास देण्याचा हक्क पूर्वीप्रमाणेच आहे, फक्त संरक्षित वाणाचे बी छाप मारून विकता येत नाही. आजीला हे कलम ठाऊक नाही व तिचा व्यवहार त्यावाचून अडलेला नाही. याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार वरिष्ठांच्या परवानगीवाचून लोकांस खुले केले, तेव्हा कथेप्रमाणे बेदरच्या दरबारात रक्कम भरून पावती घेण्यासाठी खुद्द विठ्ठलाला महाराचे रूप घ्यावे लागले होते. सामान्य बागाईतदाराने देवावर असा भार टाकू नये. आपली दिडी स्वतःच्या पिशवीतून, संक्रांतीच्या सुमारास, दिवसाउजेडी नेऊन द्यावी.

आता पाण्याविषयी. झारी, नळी व बादली या वस्तू कुलूपबंद करून किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी हे उत्तम. वांग्याच्या रोपांना मूळ धरीपर्यंत पाणी देण्याची मुभा आहे. त्यानंतर हात आखडावा. गवारीला रोज संध्याकाळी मायेने पाणी पाजल्यास ती पालवीचा थाट पुष्कळ दाखविते आणि शेंगांचा प्रश्न पुढील बैठकीपर्यंत तहकूब ठेवते. पाणी तोडले म्हणजे काम सुटले, अशी आळशी माणसाची समजूत होऊ पाहील, तर ती वेळीच खोडून काढणे अवश्य आहे. काळी जमीन सुकू लागली की भेगाळते, त्या भेगांतून खालची ओल उघड्यावर येऊन उडून जाते, आणि मुळे तुटतात ती वेगळीच. यावर उपाय खुरप्याचा आहे : वरची दोन बोटे माती भुसभुशीत करून भेगा बुजवावयाच्या, पुन्हा पडल्या की पुन्हा बुजवावयाच्या, आणि हे उन्हात ओणवे राहून करावयाचे. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे कुणब्याच्या तोंडचे वचन आहे. १९३३ साली सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले, तेथे अभ्यासू मंडळींनी वर्षानुवर्षे ओल मोजली, ताळेबंद मांडले, आणि बांध घाला, विरळ पेरा, वारंवार कोळपा असा मुंबई इलाख्याच्या शेतकऱ्यांस उपदेश केला. त्यातले कोळपणीचे कलम ऐकून कुणब्याने मान डोलाविली असेल, कारण स्वतःचेच म्हणणे आकडेवारीसह परत ऐकण्यात एक वेगळे सुख असते.

ज्वारीची पेरणी उत्तरा-हस्ताच्या सुमारास, परतीच्या पावसाची ओल धरून करावी, बरोबर वाळकाचे चार दाणे टाकावेत आणि कडेने करडईची ओळ लावावी, कारण तिच्या काट्यांपुढे शेजारची गाय हद्द ओलांडण्याचा पुनर्विचार करते. मालदांडी हा याच मुलखातला जुना वाण. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात मोहोळ येथे तिच्यातून निवड करून सरकारने तिला एम. ३५-१ असा क्रमांक दिला आणि २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक निर्देशांकही मिळाला; या दोन्ही सन्मानांनंतर तिच्या वागण्यात तिळमात्र फरक पडलेला नाही. ओल कमी पडली तर ती पाने गुंडाळून घेते व वाट पाहते. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात शिधावाटपावर आलेली तांबडी मिलो खाल्ली आहे, त्यांच्यापुढे मालदांडीच्या भाकरीचे गुणगान करण्याचे कारण नाही. तहानलेल्या कोवळ्या ज्वारीत मात्र विष असते, त्यास किराळ म्हणतात, आणि ते खाऊन जनावर दगावते. म्हणून विरळणीत उपटलेली सुकुमार रोपे शेजाऱ्याच्या म्हशीपुढे सद्भावनेने टाकू नयेत, अन्यथा पंचनामा होईल.

दाणे दुधात आले की चिमण्या येतात. शास्त्रानुसार यावर मचाण व गोफण सांगितली आहे. परंतु आपला परस जर वसाहतीत असेल, तर गोफणीचा अभ्यास एखाद्या माळावर पुरा केल्यावाचून ती घरी आणू नये, कारण पाखरू उडते आणि समोरच्या बंगल्याची काच तेथेच असते. डबा वाजवावा.

राहता राहिले बियाणे धरण्याचे कर्म. वांगे बहुतांशी आपल्यातच परागण उरकते, त्याची विशेष चिंता नाही. पण वाळूक, शेंदाड व खरबूज ही एकाच जातकुळीची असून मधमाशी हद्दी मानीत नाही. तेव्हा हे तिन्ही शेजारी लावल्यास पुढील वर्षी जे फळ येईल, त्याला कोणत्या नावाने हाक मारावी हे आजीसही सांगता येणार नाही, आणि दिडी फेडताना तोंड दाखविणे कठीण होईल. वेलावरचे पहिल्या बहरातले, सर्वांत देखणे व निरोगी वाळूक बियाण्यास राखावे, त्याच्या देठास तांबडी चिंधी बांधावी आणि ते पिवळे पडून आपसूक सुटेपर्यंत घरातील कोणासही हात लावू देऊ नये.

ही व्यवस्था हुरड्याच्या दिवसांपर्यंत सुरळीत चालते. मग पुण्याहून पाहुणे येतात, आगटीभोवती बसून गुळभेंडीचा हुरडा दह्या-चटणीशी यथेच्छ खातात, आणि त्यांतले जे सर्वांत वडील असतात ते पाय मोकळे करावयास म्हणून परसात जाऊन नेमके चिंधी बांधलेले वाळूक तोडून आणतात, कारण एवढ्या वेलांत डोळ्यांत भरेल असे तेवढेच असते. अशा प्रसंगी आरडाओरडा करू नये. अतिथीस पाट मांडून द्यावा, मीठ-तिखट पुढे करावे, फळ पुरते पिकले होते किंवा नाही याचा अंदाज त्याच्या चेहऱ्यावरून घ्यावा, आणि बिया थुंकण्यासाठी उष्ट्या ताटाऐवजी, हा या बाजूचा खास रिवाज आहे असे गंभीरपणे सांगून, चाळलेल्या राखेचे सूप त्याच्यासमोर ठेवावे. पाहुण्यांची पाठ फिरताच त्या बिया राखेत चोळून, सावलीत वाळवून, गाडग्यात भराव्यात.