अण्णा इंजिन बांधतात

जुन्या सोसायटीत गळकी टाकी, चेअरमनशी न बोलणारा माजी चेअरमन आणि घरच्या घरी इंजिन उघडणारा एक गृहस्थ हे असतातच. आमच्याकडचे ते गृहस्थ म्हणजे अण्णा.

भोसरीतल्या एका टूलरूममधून निवृत्त झाले आणि त्यांची नजर पार्किंगमधल्या पद्मिनीकडे वळली. गाडी तेल खात होती, निळा धूर सोडत होती. "ओळखीच्या गॅरेजला देऊन टाका," असं काकू म्हणाल्या. "ते लोक बोल्ट अंदाजाने आवळतात," अण्णा म्हणाले आणि विषय संपला. रविवारी चेन कुप्पी आली, संध्याकाळपर्यंत इंजिन खाली, हेड वेगळं, चेंबर वेगळं. ब्लॉक बोअरिंगला गेला, क्रँक ग्राइंडिंगला. या जातीच्या माणसांना सोडवताना वेग असतो, जोडताना तत्त्वं असतात.

बोल्ट हरवू नयेत म्हणून अण्णांची व्यवस्था चोख होती. किरकोळ नट-वायसर श्रीखंडाच्या डब्यांत, वर चिकटपट्टी, तिच्यावर नाव. टायमिंग कव्हरचे बोल्ट मात्र लहानमोठ्या लांबीचे, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या भोकातला बोल्ट त्याच जागी खोचलेला. पद्धत खरोखर उत्तम. फक्त मशीन शॉपवाल्याने ब्लॉक द्यायला गणपती उजाडवले, तेवढ्यात घरात साफसफाई झाली आणि काकूंनी तो पुठ्ठा रद्दीत घातला. बोल्टांसकट. "या वेळी रद्दीचं वजन चांगलं भरलं," असं त्या आठवडाभर सांगत होत्या आणि अण्णाही मान डोलावत होते.

मग ब्लॉक आला. अण्णांनी पुठ्ठा शोधला. त्या दिवशी त्यांच्या घरात काय झालं ते भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, पण लिहिण्यासारखं नाही. भरीस भर म्हणजे मॅनिफोल्डचा डबाही गायब. दोन दिवसांनी आरतीला उभे असताना अण्णांना मखराच्या चौकटीत दोन बोल्ट दिसले, माथ्यावर ८.८ चा शिक्का. पोरांना विचारलं तर म्हणाली, "अण्णा, तिथे डबा पडला होता." आता विसर्जनापर्यंत थांबणं आलं. पुढच्या प्रत्येक आरतीत अण्णांची दृष्टी मूर्तीच्या जरा डावीकडे असायची.

माझं मत असं, की इथून पुढे अण्णांना खरी मजा आली. इंजिन हे निमित्त होतं. बोल्ट शोधणं हाच धंदा.

पहिल्यांदा मदतीला धावले दुसऱ्या मजल्यावरचे अँबॅसेडरवाले. जपून ठेवलेला बोल्ट त्यांनी मोठ्या मनाने दिला. अण्णांनी तो चिमटीत फिरवला आणि परत केला. तो होता अडीच सुताचा, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. यांना हवा आठ मिलिमीटरचा, सव्वा मिलिमीटर पिचचा. डोळ्याला दोन्ही सारखेच. पहिला आटा गोड बोलून आत जातो, मग घट्ट होतो. माणसाला वाटतं आवळला, आणि प्रत्यक्षात ब्लॉकचे आटे गेलेले असतात. अँबॅसेडरवाले दुखावले. अजून जिन्यात फक्त मान हलवतात.

पुढचा मुक्काम रविवार पेठेतली बोहरी आळी. मी सोबत होतो.

"किती देऊ?"

"एक."

"एक किलो?"

"एक बोल्ट."

अण्णांनी खिशातून व्हर्नियर काढला, कंगव्यासारख्या पात्यांचा पिच गेज काढला, आणि काउंटरवर वर्ग भरला. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसणार. पॉइंटनंतरचा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ताणला तरी मूळ लांबीवर परत येणार. दुकानदार म्हणाला, "स्टेनलेस न्या की, गंजायचा नाही." "नेहमीचा स्टेनलेस ७०० चा. चमक काय इंजिनाच्या आत कुणी बघणारे?" गिऱ्हाइकं माल विसरून ऐकत उभी राहिली. पुण्यात फुकट ज्ञानाला गर्दी कमी पडत नाही.

लांबीचं प्रकरण तर पाहण्यासारखं. अण्णा खराट्याची काडी भोकात बुडापर्यंत घालतात, तोंडाशी नखाने खूण करतात आणि काडी मोजतात. त्यात कव्हर आणि वायसर यांची जाडी मिळवून वरून दोन मिलिमीटर कमी. बोल्ट लांब पडला तर बुडाला टेकतो, पाना अडतो, कव्हर मात्र ढिलंच. त्यावर जोर केला तर बीड तडकलंच म्हणून समजा. भोकात तेल साचलं असेल तरी तेच. म्हणून प्रत्येक भोक आधी फुंकून, चिंधी पिळून कोरडं. काकूंचे खराटे या कामी किती खर्ची पडले तो हिशोब वेगळा.

थट्टा करतो खरा, पण एका बाबतीत माणूस पक्का. कॉनरॉडचे बोल्ट त्यांनी ना बोहरी आळीत विचारले, ना जुने परत घातले. नाना पेठेत फिरून गाडीचेच नवे, सीलबंद आणले. मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर पिस्टन आठ हजार वेळा दिशा बदलतो, आणि दर वेळी वरून खाली खेचताना भार येतो तो याच बोल्टांवर. एक तुटला की कॉनरॉड ब्लॉक फोडून बाहेर.

शेवटी एकच राहिला: टायमिंग कव्हरचा सगळ्यात लांब बोल्ट. तो कुठेच मिळेना. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या, तेव्हा माल स्वस्त होईल असा अण्णांचा हिशोब होता. तोही चुकला. लेथवर करून घ्या, असं मी सुचवलं. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा बोललो नाही. रविवारी सकाळी ते जुन्या बाजारात गेले. तिथे कुणीतरी फुरसुंगीकडचा पत्ता दिला.

संध्याकाळी गेटात क्रेन शिरली. मागे दोरखंडाला दुसरी पद्मिनी, चारही चाकं बसलेली, आत कोंबडीची पिसं. वॉचमन शिट्टी वाजवत धावला, चेअरमन खाली आले, आणि पिशवी हातात घेऊन काकू जिन्यात उभ्या राहिल्या.

"अहो, बोल्ट आणायला गेला होतात ना?"

"आणलाय की," अण्णा म्हणाले. "अजून काढायचाय फक्त. आणि इंजिन तसं बरं दिसतंय हिचं. एकदा उघडून बघू."