आडतीच्या गाळ्यात सिंगल साइन-ऑन

प्रस्तुत मार्गदर्शन केडगाव उपबाजारातल्या अशा आडतीसाठी आहे, जिच्या गाळ्यात चार संगणक, एक प्रिंटर आणि एक थकलेला इन्व्हर्टर आहे. एका संगणकावर कांदापट्टी निघते, दुसऱ्यावर शेतकऱ्यांची उचल लिहिली जाते, तिसऱ्यावर जीएसटी भरला जातो, चौथ्यावर शेठजींचे चिरंजीव बसतात. ते काय करतात हे विचारू नये. सिंगल साइन-ऑन म्हणजे सकाळी एकदा ओळख पटवायची. मग दिवसभर फाइल, प्रिंटर, सामाईक फोल्डर, कोणीही 'आपण कोण?' म्हणून विचारत नाही.

ही सोय आमच्याकडे आधीपासून आहे, असे काही जण म्हणतील. आहे, पण उलटी. एका माणसाला सगळी कुलपे उघडावीत हा मूळ हेतू. आपल्याकडे एकच कुलूप सगळ्या माणसांना उघडते. पासवर्ड 'शेठ@१२३' असून तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे. मापाड्याला आणि चहावाल्या पोराला तो पाठ आहे. दिवाणजी मात्र दर वेळी चष्मा लावून वाचतात.

आधी संगणकांत विंडोजची होम आवृत्ती आहे का ते पाहावे. असतेच. ती डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यांची ओळख एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्या जाळ्यात, सामील होत नाही, प्रो लागते. हा खर्च शेठजींच्या कानावर कांद्याला भाव फुटलेल्या दिवशीच घालावा. सर्व्हरच्या सॉफ्टवेअरला मात्र पैसे पडत नाहीत: लिनक्सवर साम्बा बसवावे. डिसेंबर २०१२ मधल्या चौथ्या आवृत्तीपासून ते मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे काम बिनबोभाट करते.

डोमेनला 'केडगाव डॉट लोकल' असे नाव देण्याचा मोह होईल. देऊ नये. 'लोकल' हे शेपूट यंत्रे आपापसात हाका मारायला वापरतात, त्यात घोटाळा होतो. शिवाय ही लोकल दौंडहून किती वाजता सुटते, असे पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारेल.

ओळख पटवण्याचे काम कर्बेरॉस करतो. अमेरिकेतल्या एमआयटीत १९८० च्या दशकात तयार झालेल्या या व्यवस्थेला ग्रीक पुराणातल्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे नाव आहे. केडगावला त्यात नवल नाही. तीन मुखे आणि पायाशी श्वान हे नारायण महाराजांच्या बेटावर नित्य दर्शनाचे. ग्रीक म्हणाल, तर पंडिता रमाबाईंनी इथेच मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. तेव्हा कुत्र्याला परके मानू नये. त्याचे काम रेल्वेच्या पाससारखे: खिडकीवर एकदा ओळख दाखवली की पुढे टीसी पासच बघतो. पास साधारण दहा तास चालतो आणि पासवर्ड वायरीवरून फिरतच नाही.

खरी गोम घड्याळात आहे. सर्व्हर आणि संगणक यांच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की कर्बेरॉस कोणालाच ओळखत नाही, शेठजींनाही नाही. जुन्या संगणकातला नाण्याएवढा सेल मेलेला असतो. वीज जाते, इन्व्हर्टर मान टाकतो, आणि वीज परत आली की संगणक जागा होतो तो थेट २००९ च्या १ जानेवारीला. पट्टीवरही तीच तारीख छापून येते. शेतकरी पट्टी उजेडात धरून विचारतो, "शेठ, हा भाव तवाचा का आत्ताचा?" सेल बदलावा, सर्व्हरला इंटरनेटवरून वेळ घ्यायला लावावी आणि बाकीच्यांना सर्व्हरकडून. गाळ्यातले भिंतीवरचे घड्याळ शेठजींनी मुद्दाम दहा मिनिटे पुढे ठेवलेले असते. त्यावरून काहीही लावू नये.

दुसरा घातपात डीएनएसचा. नेट चालत नाही म्हणून बोलावलेला पोरगा त्या रकान्यात चार वेळा आठ टाकून निघून जातो. नेट धावते, डोमेन बेपत्ता. रकान्यात फक्त आपल्या सर्व्हरचा पत्ता ठेवावा आणि पोराला चहा पाजून हे समजावावे.

पासवर्ड दर ४२ दिवसांनी बदलण्याचा आयता नियम साम्बात असतो. तो काढून टाकावा, नाहीतर 'कांदा@१' नंतर 'कांदा@२' अशी वक्कल लागते. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, असे अमेरिकेची एनआयएसटी ही संस्थाही २०१७ पासून सांगते आहे. पासवर्ड चुकतो आहे अशी तक्रार आली, तर आधी कळफलक मराठीवर राहिला आहे का ते बघावे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

शेवटी प्रत्येकाचे वेगळे खाते उघडावे. पहिल्या दिवशी दिवाणजी स्वतःच्या नावाने आत शिरतील आणि लिलाव पुकारला की खाते तसेच उघडे टाकून ओट्याकडे पळतील. मग पट्टी, उचल, जीएसटी, सगळे दिवसभर दिवाणजींच्याच नावावर. त्यांना उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणे एकदम दाबायला शिकवावे. रुमाल टाकून जाणे एसटीत चालते, डोमेनमध्ये ग्राह्य धरले जात नाही.